अंजनाबाईच्या तळहाताचं माप

अंजनाबाईनं आयुष्यात तेल कधी चमच्यानं मोजलं नाही. उजवा तळहात जरासा दुमडायचा, मधे जो खड्डा पडतो ते एक माप. तान्ह्या बाळाला अर्धा खड्डा, बाळंतिणीला चार, आणि मनीषनगरातल्या कॉम्प्युटरवाल्या बायांच्या डोक्याला दोन. एकतीस वर्षं हेच माप चाललं होतं. कोणी हौसेनं चमचा पुढे केला, तर ती त्या चमच्याकडे अशी पाही, की चमचा आपल्या पायानं स्वयंपाकघरात परत जावा.

"थेंबानं तेल कानात टाकतेत बाई," ती म्हणे, "डोस्क्यात नाई."

डोकं हातात आलं की माणूस बोलतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. टाळूवर बोटं फिरली की पाच मिनिटांत सासू बाहेर निघते, दहाव्या मिनिटाला नवरा, आणि पंधराव्याला झोप. कुठल्या घरात काय शिजतंय हे अंजनाबाईला भाजीवाल्याच्या आधी कळे. पण एका घरचं दुसऱ्या घरी तिनं कधी नेलं नाही. सात घरं होती तिची. सातही घरांत चप्पल काढली की कोणी न विचारता चहा ठेवत असे.

तिसऱ्या माळ्यावरची कामिनी मात्र सासूऐवजी ऑफिस काढायची. मिहानमधल्या कुठल्याशा कंपनीत ती दिवसभर कानाला ते काळं यंत्र लावून बसे, आणि रविवारी अंजनाबाईच्या पुढ्यात बसली की आठवड्याचं सगळं एका दमात ओतून टाकी. "मावशी, ॲक्च्युअली ना, माझा मॅनेजर इतका डोकं खाऊन राहिला ना, की हा हेअर फॉल त्याच्यामुळंच होऊन राहिला, आय ॲम शुअर."

"मंग एक दिवस त्याचंच डोस्कं आनून द्या मले," अंजनाबाई म्हणे. "दाबून पायते काय निघते तं."

केस मॅनेजरमुळे जात नव्हते, डेंग्यूमुळे जात होते. ऑक्टोबरात कामिनी आठ दिवस सलाईनवर होती, आणि दिवाळी झाली तशी केसांनी डोकं सोडायला सुरुवात केली. कंगव्यात गुंता, बाथरूमच्या जाळीत पुंजका, उशीवर चार, कणकेच्या गोळ्यात एक. रोजच्या पुंजक्याचा ती मोबाईलवर फोटो काढून ठेवी.

तिची सासू गोपिकाबाई काटोलकडची, संत्र्याच्या बागेतली. तिच्या आवाजाला गाडीसारखे ब्रेक नव्हते, सायकलसारखे होते, म्हणजे लागले तर लागले. "आमच्याकडं नाई गळत वं कोनाचे केस," ती दारातूनच सुरू करी. "आमी काय शाम्पू पाह्यला का? रिठा, शिकेकाई अन् खोबऱ्याचं तेल. माही आजी नव्वद वर्षाची होऊन मेली, पन वेनी अशी, दोरखंड. हे इथलं पानीच खराब. पानी खराब, हवा खराब, अन् ते रात्रभर मोबाईल पाहनं..." तेवढ्यात कुकरची शिट्टी होई, आणि ब्रेक लागे.

या घरात प्रीतीला आणलं ते अंजनाबाईनंच.

प्रीती तिच्या गल्लीतली पोट्टी. जन्मली तेव्हा तिच्या अंगाला पहिलं तेल अंजनाबाईनं लावलं होतं. मोठी होऊन डी.फार्म झाली, धंतोलीतल्या एका मेडिकलमध्ये दुपारपर्यंत औषधं द्यायची, आणि घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर छोटा वजनकाटा आणि काचेच्या नळ्या मांडून तेलं बनवायची. केसांसाठी रोझमेरीचं, कोंड्यासाठी टी ट्रीचं. बाटलीवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवायची, तारखेसकट.

"हे आमची प्रीती," अंजनाबाईनं कामिनीला ओळख करून दिली होती. "हिचं नाक मी रोज दाबू दाबू सरळ केलं. नाई तं बापावर गेलं असतं."

"आजी, तुम्ही हे सगळ्याईले काहून सांगता वं," प्रीती म्हणाली होती, पण हसत.

प्रीतीचं बोलणं मेडिकलच्या काउंटरवरचं होतं, मोजकं आणि सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर घ्या असं. "ताई, मी आधीच सांगते. डेंग्यूनंतरचं गळणं बरंचसं आपसूकच थांबते. तेलानं टाळूले आराम पडते, मालिशनं बरं वाटते. तीन महिने धीर धरा. पंधरा दिवसांत केस येतीन असं कोणी म्हणलं, तं समजून घ्या, तो तुमचा खिसा कापून राहिला." मग तिनं कामिनीच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडं तयार तेल लावलं आणि उद्यापर्यंत खाज आली तर वापरायचं नाही म्हणून बजावलं. खाज आली नाही. तिनं दोन बाटल्या दिल्या. मोठीत तिळाच्या तेलात अर्क मिसळून तयार केलेलं तेल होतं. छोटी तपकिरी होती, बोटाएवढी. तिच्यात नुसता अर्क, कंपन्या ज्याला इसेन्शियल ऑइल म्हणतात तो. मोठी संपली की घरच्या तेलात मिसळायला.

"आजी, तुम्हाले सांगते," तिनं मुद्दाम अंजनाबाईकडे वळून सांगितलं होतं. "हे छोटीवाली दवाई समजा. छोट्या वाटीभर तेलात दहा थेंब, बस. सुद्दी, काही न मिसळता, टाळूले लावायची नाई. जळते."

"हाव," अंजनाबाई म्हणाली.

अंजनाबाईकडे हाव, म्हणजे होकार, पुष्कळ प्रकारचे होते. हा होता बसच्या कंडक्टरला देतात तो. समोर चहा निवत चालला होता, आणि जिच्या नाकाला आपण आकार दिला ती पोट्टी आपल्याला तेल शिकवून राहिली, ही गंमत तिच्या मनात चालू होती. तिनं ऐकलं नाही असं नाही. ऐकलं, आणि बाजूला ठेवलं. पुढे तिला हेच सगळ्यात जास्त टोचणार होतं. कोणी सांगितलंच नव्हतं असं तिला म्हणता येणार नव्हतं.

डिसेंबरातला तो रविवार. नागपूरची थंडी, खोबरेल तेल बरणीत दगड झालेलं. अंजनाबाईनं वाटीत ढेकूळ काढलं, गॅसवर पातळ केलं आणि वाटी घेऊन कामिनीच्या खोलीत आली. गोपिकाबाई बाल्कनीत उन्हाला पाठ देऊन तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"मावशी, मोठीवाली संपली," कामिनी डोळे मिटूनच म्हणाली. "ते छोटं ब्राऊन बॉटल आहे ना, त्यातलं टाका खोबरेलात."

अंजनाबाईनं बाटली उघडली, उलटी केली. तोंडाला प्लास्टिकचं बूच होतं, मधे सुईएवढं भोक. एक थेंब आला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. तिसऱ्या थेंबाला तिच्या हाताचा धीर सुटला. बाळंतिणीच्या मालिशीत तिची एक रीत होती, आधी औषध कोरड्या कातडीत जिरवायचं, मग वरून तेल. औषध तेलात मिसळलं की पातळ पडतं, असं तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं आणि ते कधी चुकलं नव्हतं. हेही औषधच की. पोट्टीनंच म्हटलं, दवाई समजा.

तिनं ते बूच दातात धरलं आणि उपटलं.

मग तळहात दुमडला. एक खड्डा. जिरवला. दुसरा खड्डा.

"आहाहा," कामिनी म्हणाली. "किती थंड वाटून राहिलं मावशी."

पाऊण मिनिटानं ती म्हणाली, "थोडं गरम वाटून राहिलं." आणि मग तिनं डोळे उघडले. "मावशी, जळून राहिलं. मावशी, काढा हे."

ती बाथरूमकडे धावली. नळ सुरू झाला. आतून तिचा आवाज आला, पाण्यात बुडलेला, "किती टाकलं मावशी?"

अंजनाबाईचा तळहातही एव्हाना चुरचुरत होता, घट्ट्यांनी भरलेला तो तळहात, ज्यानं उकळतं तेल सोसलं होतं. मग त्या नाजूक टाळूचं काय झालं असेल, हे तिला त्या क्षणी पूर्ण कळलं. आणि कळल्यावर तिच्या तोंडून निघालं,

"दहाच थेंब."

तिथवर ठीक होतं असं नाही, पण तिथून तरी परत फिरता आलं असतं. पण खोलीत ती एकटी होती. समोर बाटली, तळाला थोडंसं उरलेली. शेजारी वाटी, गरम खोबरेलानं भरलेली, एक थेंबही न वापरलेली. तिच्या हातांनी तिला न विचारता वाटी उचलली आणि बारीक धार धरून बाटली गळ्यापर्यंत भरली. बूच परत बसेना, दातानं चेपलं गेलं होतं. तिनं ते पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं आणि बाटलीवर नुसतं झाकण फिरवलं.

गोपिकाबाई शेंगा टाकून आली, तेव्हा अंजनाबाई बाथरूमच्या दारात टॉवेल घेऊन उभी होती. "थंड पानी टाका ताई, लय थंड," ती म्हणत होती, आणि तेवढं मात्र खरं होतं.

कामिनीच्या टाळूवर मागच्या बाजूला फोड आले. धंतोलीतल्या कातडीच्या डॉक्टरनं मलम दिलं, भाजल्यासारखं झालं आहे म्हणाला, भरून येईल, तेवढ्या भागातले केस जातील आणि परतही येतील. कामिनी आठवडाभर डोक्याला ओढणी गुंडाळून ऑफिसच्या मीटिंगा घरूनच करत होती.

पुढच्या रविवारी अंजनाबाई गेली, मालिशीला नाही, पाहायला. दार उघडताच गोपिकाबाईनं तिला हाताला धरून ओट्यापाशी नेलं.

"पाय. पाय हे." तिनं तपकिरी बाटली उजेडात धरली. आत पांढरं गोठलेलं, तुपासारखं. "सकाळी पाह्यतो तं जमलेलं. अर्क जमते का कधी? कामिनीनं मोबाईलवर पाह्यलं, नाई जमत म्हणे. वास घे. खोबरेल आहे सरळसरळ. खोबरेल भरून दिलं तुह्या त्या प्रीतीनं, अन् त्यात काय केमिकल घातलं कोन जाने. अन् हे पाय, आतलं बूचही नाई. उघडी बाटली. तू होती ना त्या दिवशी, अशीच होती का वं बाटली?"

अंजनाबाईची बोटं पदराच्या टोकावर गेली. गाठ तिथंच होती. आठ दिवसांत तिनं दोनदा लुगडं बदललं होतं आणि दोन्ही वेळा गाठ सोडून नव्या लुगड्याच्या पदराला बांधली होती. कशासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"हाव," ती म्हणाली. "अशीच होती."

त्या दुपारी अपार्टमेंटच्या बायांच्या ग्रुपवर कामिनीनं लिहिलं, लेडीज प्लीज केअरफुल राहा, घरगुती ऑइलच्या नावावर फसवणूक होऊन राहिली. सोबत फोडांचा फोटो. त्याखाली गोपिकाबाईचा आवाज, अडीच मिनिटांचा. सुरुवात प्रीतीपासून, मग काटोलची आजी, मग सगळं जगच भेसळीचं, आणि शेवटी कुकरची शिट्टी. खाली बायांनी हात जोडले, तोंडं वासली, आणि एक-एक करून प्रीतीकडून घेतलेल्या तेलाच्या बाटल्या परत करायच्या म्हणून ठरवलं.

बायांनी तेलासाठी ग्रुपात घेतलेल्या प्रीतीनं एवढंच लिहिलं होतं: "ताई, खोबरेल मिसळलेलं असतं तं इतकं जळलं कसं? अन् इतकं जळलं, तं मंग त्यात खोबरेल आलं कुठून?"

कामिनीनं उत्तर दिलं: "ते तू सांग."

हे सगळं अंजनाबाईला दुसऱ्या घरच्या बाईनं मालिश करून घेता घेता वाचून दाखवलं. प्रीतीचा प्रश्न ऐकताना तिची बोटं थांबली. हुशार पोट्टी. उत्तर तिथंच उभं होतं, आणि ते जिच्या टाळूला तेल चोळत होतं, ती बाई मान हलवून म्हणत होती, "आजकालच्या पोट्ट्याईचं काही खरं नाई वं अंजनाबाई. तुमचा हात होता म्हणून बरं, नाई तं कामिनीचं डोकंच गेलं असतं."

त्या दिवसापासून अंजनाबाईला तिच्याच चांगुलपणाचं ओझं व्हायला लागलं. घराघरांतून तिला जास्त चहा मिळू लागला. बाया म्हणू लागल्या, जुनं ते सोनं, मावशीचा हात बघा, ना बाटली ना चिठ्ठी. ती चहा फुंकायची आणि फुंकतच राहायची.

पौर्णिमेला ती विहारात गेली. गल्लीतल्या सगळ्या बाया पांढरी लुगडी नेसून ओळीत बसल्या होत्या. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं शील तिनं सगळ्यांबरोबर म्हटलं, लहानपणापासून पाठ, झोपेतही म्हणता येईल असं. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, तिचा आवाज आला नाही. तिनं नुसते ओठ हलवले. शेजारची बाई म्हणाली, "घसा बसला का वं?" अंजनाबाईनं मान हलवली, आणि ते आणखी एक खोटं झालं. पाचव्याला, दारू न पिण्याच्या शीलाला, आवाज परत आला. दारूशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

विहाराच्या पायऱ्यांवर प्रीती भेटली. पांढऱ्या ओढणीत नेहमीपेक्षा लहान दिसत होती. तिच्या घरी ओट्यावर परत आलेल्या बाटल्या रांगेनं उभ्या होत्या, अर्ध्या, पाव, कुणी तर वापरून संपवलेली रिकामीसुद्धा परत दिलेली. मेडिकलच्या मालकानंही विचारलं होतं, बाई, इथं तर असं काही करत नाहीस ना.

"तेल नाई विकलं गेलं तं चालन मले," ती म्हणाली. "पन त्यानं असं विचारलं, आजी. गोळ्या देताना आता मी दोनदा वाचते, आपलाच हात आपल्याले खोटा वाटते." ती एक पायरी खाली उतरली. "मी उद्या कामिनीताईकडे जाऊन राहिली. तुम्ही चलसान का? तुम्ही होत्या तिथं. बस एवढंच सांगा, की बाटली उघडली तेव्हा आतलं बूच होतं. मी सगळ्या बाटल्याईले स्वतः लावते, पक्कं लावते, दातानंही नाई निघत."

"निघते," अंजनाबाईच्या तोंडून निसटलं.

"काय?"

"काही नाई. येते मी."

ती रात्रभर जागली वगैरे नाही. झोपली, आणि तेही तिला लाजिरवाणं वाटलं. सकाळी उठून तिनं भाकरी केल्या, लुगडं बदललं, पदराला गाठ बांधली आणि निघाली.

प्रीतीच्या स्कूटीवर मागे बसून ती मनीषनगरला आली. नेहमीच्या सवयीनं तिनं प्रीतीच्या खांद्याला धरलं होतं. लिफ्टमध्ये प्रीती आरशात पाहून बोलायची तयारी करत होती, ओठ हलवत, जसं परीक्षेला जाताना. आरशात दोघी होत्या. अंजनाबाईनं जमिनीकडे पाहिलं.

कामिनीनं दार उघडलं. ओढणी सुटली होती आणि मागे, शेंडीच्या जागेखाली, रुपयाएवढी जागा गुलाबी, केसांशिवाय. अंजनाबाईला ती पहिल्यांदाच दिसली. हाताच्या बोटांना डोकी कळतात. त्या जागेवर शेवटचं काय फिरलं होतं ते तिच्या बोटांना अजून आठवत होतं.

"ताई, मी भांडायले नाई आली," प्रीतीनं सुरुवात केली. "मी फक्त..."

"प्रीती, बघ, मला पर्सनली काही नाही तुझ्याबद्दल," कामिनी म्हणाली. "बट माझं डोकं जळलं. ॲक्च्युअली जळलं. आणि बॉटलमध्ये खोबरेल आहे, सगळ्यांनी पाह्यलं. आता मी काय समजू?"

"मी बूच लावून दिलं होतं."

"बूच नव्हतं."

"होतं, ताई."

गोपिकाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "अवं, दोघी काहून भांडून राहिल्या? अंजनाबाईले विचारा ना. ते का खोटं बोलनार आहे? एकतीस वर्षं झाली, बाई अर्ध्या नागपूरच्या लेकरांले तेल लावून राहिली. कधी एका घरचं दुसऱ्या घरी नाई सांगितलं. माह्या घरात माह्या सुनेपेक्षा मी तिच्यावर भरोसा ठेवतो."

"थँक यू, आई," कामिनी म्हणाली.

"सांग अंजनाबाई. बूच होतं का नोतं?"

तिघी तिच्याकडे पाहत होत्या. प्रीतीच्या डोळ्यांत तर इतका भरोसा होता, की अंजनाबाईला वाटलं, या पोट्टीनं जरा तरी संशय घेतला असता तर सोपं गेलं असतं. तिनं पदराचं टोक ओढलं. गाठ घट्ट बसली होती. नखानं सुटेना. मग ती सवयीनं तोंडाकडे नेली, दातानं सोडायला, आणि मधेच थांबली. नखानंच सोडली, वेळ लागला तरी.

बूच तिच्या तळहाताच्या खड्ड्यात होतं. पांढरं, चपटं, एका कडेला दोन खोल खुणा.

"होतं," ती म्हणाली. "हे पाहा. दात माहे आहेत."

गोपिकाबाई बूच पाहायला पुढे वाकली.

"दहा थेंब नाई टाकले मी. दोन तळहात टाकले, सुद्दे. पोट्टीनं मले सांगितलं होतं नका टाकू, जळते. मले म्हणलं होतं तोंडावर. मी हाव म्हणलं." तिचा आवाज सपाट होता, सामानाची यादी वाचल्यासारखा, कारण मधे थांबलं तर पुढचं येणार नाही हे तिला माहीत होतं. "मंग बाटली रिकामी दिसन म्हणून वाटीतलं गरम तेल मीच ओतलं तिच्यात. ते थंडीनं जमलं. प्रीतीनं काही नाई केलं."

कामिनी हळूच सोफ्याच्या हातावर बसली. "मावशी, मी त्या दिवशी विचारलं होतं ना तुम्हाला. बाथरूममधून."

"हाव."

"मग?"

अंजनाबाईनं आपल्या तळहाताकडे पाहिलं. "एकतीस वर्षांत कोन्या डोस्क्याले माह्या हातानं इजा नाई झाली, ताई. मले ते तसंच पाहिजे होतं."

गोपिकाबाईचे ब्रेक लागले होते, कुकर नसतानाही. तिनं एकदा प्रीतीकडे पाहिलं, एकदा मोबाईलकडे. "मी तं अडीच मिनिट बोलली ना बाई ग्रुपवर," ती पुटपुटली. "काटोलपर्यंत गेलं असन ते."

 प्रीतीनं बूच उचललं, उजेडात धरलं, दाताच्या खुणा पाहिल्या, आणि परत अंजनाबाईच्या हातावर ठेवलं.

कामिनीनं मोबाईल घेतला. "मी लिहिते ग्रुपवर. मिसअंडरस्टँडिंग झालं म्हणून."

"नाई," अंजनाबाई म्हणाली. "तसं नोका लिहू. माह्या आवाजात टाका. आईचं टाकलं तसं."

"मावशी, मग तुमची घरं..."

"टाका."

कामिनीनं मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. अंजनाबाई जिंदगीत पहिल्यांदा ग्रुपवर बोलली. तेवीस सेकंद. "मी अंजनाबाई बोलून राहिली, मालिशवाली. कामिनीताईचं डोस्कं माह्या हातानं जळलं. तेल चांगलं होतं. थेंबानं टाकाचं होतं, मी तळहातानं टाकलं, अन् मंग खोटं बोलली. प्रीतीच्या बाटल्या वापस केल्या त्याईनं परत घ्या. ठेवते."

"ठेवायचं नसते त्यात," कामिनी बारीक आवाजात म्हणाली, आणि पाठवून दिलं.

चहा कोणी ठेवला नाही. ठेवायला हवा होता की नको, हे गोपिकाबाईला कळत नव्हतं. ती ओट्यापाशी जाऊन पातेलं उचलून परत ठेवत होती. निघताना अंजनाबाईनं चपला पायात घातल्या, तेव्हा कामिनी दारापर्यंत आली. पुढच्या रविवारचं काही म्हणाली नाही. नको येऊ, असंही नाही. ओढणी डोक्यावर सारखी करत उभी राहिली.

लिफ्ट खाली येईपर्यंत अंजनाबाईच्या छोट्या फोनवर दोन घरांचे फोन येऊन गेले. पहिली बाई म्हणाली, सध्या नका येऊ, आम्ही गावाला चाललो मावशी. दुसरीनं गावाचंही नाव घेतलं नाही.

प्रीती पुढे चालत होती. पार्किंगमध्ये तिनं स्कूटी काढली, बसली, चालू केली. अंजनाबाई फाटकाकडे वळली. बसस्टॉप बराच लांब होता, पण बोलावल्याशिवाय मागे बसायचं धाडस तिला नव्हतं.

स्कूटी तिच्या शेजारून गेली, फाटकाशी थांबली. प्रीतीनं मान वळवली नाही.

"बसा," ती म्हणाली.

"जाते मी बसनं. तू जा."

"बसा म्हणलं ना. पन बोलू नोका."

अंजनाबाई बसली. खांद्याला हात लावला नाही, मागची लोखंडी दांडी धरली.  वर्धा रोडच्या सिग्नलला थांबल्यावर प्रीती समोरच पाहत म्हणाली, "त्या बाटलीवर मी लिहिलं होतं. लाल पेनानं. फक्त थेंबानं. मराठीत लिहिलं होतं, आजी, तुमच्यासाठीच. तुम्हाले इंग्रजी येत नाई म्हणून."

बोलायचं नव्हतं.  चिठ्ठी तिनं पाहिली होती. लाल अक्षरं दिसली होती. वाचली नव्हती.

सिग्नल सुटला. पुढे रस्ता खणलेला होता, स्कूटीनं एक गचका खाल्ला, आणि अंजनाबाई सीटवरून हातभर उचलली जाऊन परत आदळली.

"पडसान ना," प्रीती म्हणाली. अजून चिडलेलीच होती. "खांद्याले धरा."

अंजनाबाईनं दांडी सोडली. दुसऱ्या मुठीत बूच होतं, ते तसंच ठेवलं. मोकळा हात पोट्टीच्या खांद्याकडे नेला, आणि सवयीनं सगळा तळहात टेकवायला निघालेली ती, मधेच थांबली, आणि नुसती दोन बोटं ठेवली.